दोन लाख किलोमीटर झाले म्हणून टर्बो मरत नाही

गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. पुण्याच्या मार्केट यार्डात भाजी टाकणाऱ्यांपासून भोसरी-चाकणला जॉबवर्कचा माल पोचवणाऱ्यांपर्यंत तो सगळ्यांकडे पोचलेला दिसतो. त्याचा मतलब असा : टर्बो डिझेल पिकअप दोन लाखांच्या पुढे गेली की टर्बो संपलाच समजा. तोवर ओढायची असेल तर जाड ऑइल घाला, ऑइल बदलताना रॉकेलने इंजिन आतून धुवा, गाडी बंद करण्याआधी एक जोरदार रेस द्या, उतारावर न्यूट्रल करून टर्बोला आराम द्या, पाइपात तेल दिसलं की टर्बो बदला, निघालेलं काळं ऑइल पाट्यांना, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगांना, चोपडा. आणि शेवटी ठळक अक्षरांत : सेन्सरची गाडी आहे, घरी हात लावू नका.

म्हणजे जे कुणीच करू नये ते करा, आणि जे घरी आरामात होतं ते करू नका.

पहिला दावा सगळ्यात जास्त नुकसान करतो, कारण तो वाचून माणूस चांगली गाडी पडत्या भावात विकतो. टर्बोचं आयुष्य किलोमीटरवर ठरलेलं नसतं. टर्बोत सायलेन्सरकडे जाणारा गरम वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात ढकलतो. हा दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो. पिकअपच्या बहुतेक टर्बोंमध्ये तो बॉल बेअरिंगवर नाही, बुशमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर स्वच्छ आहे आणि त्याला दाब आहे, तोवर धातूला धातू लागतच नाही. झिजायला सुरुवात होते ती ऑइल उशिरा बदललं, ऑइल खाली आणणारी नळी तुंबली किंवा हवेच्या फिल्टरमधून धूळ आत गेली म्हणजे. यातलं काहीही मीटरवर दिसत नाही. नारायणगावहून रोज हायवेने येणारी गाडी अडीच लाखांनंतर ठणठणीत असू शकते, आणि हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये दिवसभर चालू-बंद होणारी गाडी लाखाच्या आत रडू शकते. शहरात किलोमीटर कमी पडतात, पण इंजिन तेवढेच तास चालतं. म्हणून तर कंपनीच्या पुस्तकात धुळीच्या आणि खडतर वापरासाठी ऑइल बदलीचं वेगळं, कमी अंतर दिलेलं असतं. ते पान कुणी उघडत नाही.

धुळीचं तर पुण्यात विचारायलाच नको. वाघोलीच्या क्रशरांच्या बाजूने जा नाहीतर मोशीच्या, जिकडेतिकडे खोदलेलं असतं. फिल्टरमधून निसटलेली ही धूळ टर्बोच्या पात्यांवर आणि पुढे सिलिंडरमध्ये पॉलिश पेपरसारखं काम करते. तरी गॅरेजात काय होतं? फिल्टर टायरवर आपटतात आणि बाहेरून आत जोरात हवा मारतात. त्याने बाहेरची धूळ कागदात आणखी रुतते आणि कधी कागद फाटतो. हवा मारायचीच तर आतून बाहेर, हलक्या दाबाने. मग अंधारात फिल्टरच्या आत टॉर्च धरा. कुठे प्रकाशाचा ठिपका दिसला तर तो फिल्टर कचऱ्यात. फिल्टर बसतो तो डबा आणि त्याची रबरी कडा ओल्या फडक्याने पुसा. या कामाला पान्हासुद्धा लागत नाही.

रेस देऊन बंद करण्याचा सल्ला देणाऱ्याला टर्बो कसा चालतो हे ठाऊक नसावं. चावी फिरवली की इंजिन थांबतं, त्याबरोबर ऑइल पंप थांबतो. पण नुकताच रेस देऊन पळवलेला दांडा लगेच थांबत नाही, तो ऑइलच्या दाबाशिवाय फिरत राहतो. वर गरम चक्राची उष्णता बुशकडे येते, कारण लोड असताना डिझेलचा धूर सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापलेला असतो. तिथे अडकलेलं ऑइल करपतं, त्याचा कार्बन होतो, आणि तोच कार्बन पुढे ऑइलच्या बारीक नळीत साठतो. करायचं ते उलट आहे. खंबाटकी चढून ढाब्यावर थांबलात तर मिनिट-दोन मिनिटं गाडी नुसती चालू ठेवा, रेस न देता. सोसायटीच्या गल्ल्यांतून हळू येऊन थांबलात तर तेवढ्यात टर्बो निवलेला असतो, वेगळं काही करायला नको. काही मंडळी पाच-दहा मिनिटं गाडी तशीच धूर ओकत ठेवतात, ते डिझेल वाया घालवणं आहे. सकाळी सुरू करतानाही हाच नियम : ऑइलचा दिवा विझून थोडा वेळ जाईपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही.

उतारावर न्यूट्रलचं थोडक्यात सांगतो, कारण यात वाद घालण्यासारखं काही नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता पुणेकरांना माहीत आहे आणि तिथले अपघातही. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की कॉमन रेल इंजिन, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमाने डिझेल सोडणारं आजचं इंजिन, डिझेल देणंच बंद करतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे बचतही नाही, आणि भरलेल्या गाडीचं सगळं वजन ब्रेकवर. टर्बोला यातून कसला आराम मिळतो ते मेसेजवाल्यालाच ठाऊक.

आता जाड ऑइल. यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते टिकून आहे. जुन्या, टर्बो नसलेल्या इंजिनात बेअरिंगचा प्ले वाढला की जाड ऑइलने दाब थोडा सावरतो, धूरही जरा कमी दिसतो. पण तो रोग झाकण्याचा प्रकार आहे, आणि टर्बो गाडीत झाकायची किंमत मोठी. ऑइलच्या डब्यावरचा डब्ल्यूच्या आधीचा आकडा ते थंडीत किती पातळ राहतं ते सांगतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा दहाच्या खाली जातो. पहाटे चारला माल भरायला निघालात तर 20डब्ल्यू-50 टर्बोपर्यंत पोचायला 5डब्ल्यू-30 पेक्षा जास्त वेळ लावतं, आणि तेवढा वेळ दांडा कोरडा फिरतो. पुस्तकात 15डब्ल्यू-40 लिहिलं असेल तर तेच घाला, 5डब्ल्यू-30 लिहिलं असेल तर ते. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीत डीपीएफ (सायलेन्सरच्या वाटेवर धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर आणखी एक भानगड आहे. ऑइलमधल्या काही रसायनांची राख होते. काजळी डीपीएफमध्ये जळून जाते, राख जळत नाही, ती तिथेच साठते. म्हणून अशा गाडीला कमी राखेचं, पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच ऑइल लागतं. ‘सगळं ऑइल सारखंच’ म्हणणाऱ्या काउंटरवाल्याचं ऐकू नका.

याच मुद्द्याला जोडून मेसेजमध्ये एक ओळ आहे : ऑइल काळं झालं की खराब झालं. डिझेल इंजिनात नवं ऑइल काहीशे किलोमीटरांत काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंगावरून काही ठरत नाही. पट्टीवरची पातळी मात्र बोलते. ती उतरत असेल तर ऑइल कुठेतरी जातं आहे. वाढत असेल तर त्याहून वाईट, कारण डीपीएफ साफ करायला ज्या गाड्यांत सिलिंडरमधून जादा डिझेल सोडलं जातं, त्यांत ते डिझेल ऑइलमध्ये उतरू शकतं. रोज छोट्या फेऱ्या मारणाऱ्या शहरातल्या गाड्यांत हे जास्त होतं. पातळी वर गेलेली दिसली की आनंद मानू नका, ऑइल बदला.

रॉकेलने इंजिन धुणं तर थांबवाच. रॉकेल सगळं बाहेर येत नाही, कोपऱ्याकोपऱ्यात राहतं आणि नव्या ऑइलला पातळ करतं. शिवाय वर्षानुवर्षं बसलेला गाळ एकदम सुटतो आणि चेंबरमधल्या, ऑइल पंपाच्या तोंडाच्या जाळीत जाऊन अडकतो. ऑइलचा दाब पडला की पहिला बळी टर्बोचा. सेकंडहँड घेतलेल्या गाडीत आत चिखल आहे असं वाटत असेल तर बरोबर ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर घाला, आणि पुढची बदली नेहमीपेक्षा लवकर करा. दोन-तीन बदल्यांत गाळ हळूहळू बाहेर येतो.

‘पाइपात तेल दिसलं, टर्बो बदला’ या वाक्यावर कितीतरी मालकांनी विनाकारण खर्च केला असेल. इंजिनाच्या श्वासाची नळी टर्बोच्या आधी हवेच्या पाइपात सोडलेली असते, तिच्यातून ऑइलची वाफ येते. त्यामुळे इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा निववणाऱ्या जाळीच्या) पाइपात आतून हलका ओशटपणा असणं नेहमीचं आहे. पाइप उलटा केल्यावर धार लागत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही आधी बघा : ऑइल खुणेच्या वर भरलं आहे का, श्वासाची नळी तुंबली आहे का, टर्बोतून खाली येणारी नळी मोकळी आहे का. नळी तुंबलेली ठेवून नवा टर्बो बसवला तर तोही तेल टाकणार. टर्बो बसवताना ऑइल आणणारी नळीसुद्धा नवी घ्या, जुनीत कार्बन असतो.

टर्बोची तपासणी घरी होते. इंजिन पूर्ण थंड असताना फिल्टरकडून येणारा हाउस पाइप काढा, टॉर्च धरा, दोन बोटांनी मधला नट पकडा. आजूबाजूला किंचित हलणं चालतं, ऑइलच्या थरासाठी ती जागा मुद्दाम ठेवलेली असते. आतबाहेर हललेलं बोटाला जाणवता कामा नये, आणि पाती बाजूच्या भिंतीला घासल्याच्या खुणा नकोत. हे ठीक असेल आणि तरी गाडी चढावर ओढत नसेल, काळा धूर मारत असेल, तर बहुतेकदा दोष टर्बोत नसून इंटरकूलरच्या हाउस पाइपात असतो. ओशट रबर फुगतं, क्लिपखाली चिरतं, लोड आला की तिथून हवा फुसकन सुटते. निळा धूर मात्र ऑइल जळण्याचा, तो अंगावर काढू नका. टर्बोतून ऑइल भरपूर जायला लागलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर सुसाट सुटू शकतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. तशा वेळी ब्रेक दाबून, सगळ्यात वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन गुदमरवून बंद पाडायचं. बॉनेट उघडून डोकावायचं नाही.

राहिला सेन्सरचा बागुलबुवा. ऑइलचा नट सोडताना, फिल्टर बदलताना, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या क्रॉसला ग्रीस मारताना कोणता सेन्सर आडवा येतो? उलट पिकअप घरी काम करायला सोपी. चेसिस उंच, त्यामुळे ऑइल बदलायला बहुतेकदा जॅकही लागत नाही. सपाट जागा, हँडब्रेक, चाकांखाली दगड, एवढं पुरतं. जॅक लावायचाच तर खाली लोखंडी स्टँड हवाच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. ऑइल कोमट असताना काढा, नटाचं वायसर नवं घाला, फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावून तो हातानेच आवळा. डिफरन्शियलचं (मागच्या एक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याचं) ऑइल बदलताना आधी भरायचा नट सुटतो का बघा, मगच खालचा सोडा. नाहीतर ऑइल जमिनीवर आणि भरायचा नट गंजून बसलेला, असा प्रसंग ठरलेला. डिझेल फिल्टरखालचं पाणी पावसाळ्यात वरचेवर काढा. नवा डिझेल फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून बसवायची सवय बऱ्याच मिस्त्रींना आहे. ते डिझेल न गाळता थेट पंपाकडे जाऊ शकतं. कोरडा बसवा आणि हातपंपाने डिझेल चढवा. कुलंटमध्ये बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर घ्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. सांडलेलं कुलंट लगेच धुऊन टाका. ते गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात. हे सामान नाना पेठेत मिळतं, फक्त फिल्टर घेताना जुना सोबत न्या.

घरी न करायची कामंही आहेत, पण त्यांचं कारण मेसेज सांगतो ते नाही. जुन्या पंपाच्या गाडीत कोणता सिलिंडर मिस मारतो ते बघायला मिस्त्री चालू इंजिनात इंजेक्टरची नळी ढिली करायचे. कॉमन रेलमध्ये त्या नळीत सोळाशे बार आणि त्याहून जास्त दाब असतो. ती बारीक धार कातडीतून आत शिरते, आणि वर जखम टाचणीएवढी दिसली तरी बोट किंवा हात जाऊ शकतो. तिथे हात नकोच. अनेक गाड्यांत नव्या इंजेक्टरचा कोड स्कॅनरने भरावा लागतो, टर्बोचा आतला भाग मशिनवर बॅलन्स करावा लागतो, ते काम गॅरेजचं. दिवा लागला तर फोनला जोडायचा साधा कोड रीडर वापरून कोड लिहून घ्या आणि मगच गॅरेजात जा, म्हणजे बोलणं मुद्द्याचं होतं.

आणि पाट्यांना काळं ऑइल चोपडायचं नाही. त्यावर धूळ बसून खरखरीत लेप होतो, बुशांचं रबर फुगतं, आणि पहिल्या पावसात सगळं रस्त्यावर, तिथून नाल्यात, नाल्यातून मुठेत आणि पुढे भीमेतून उजनीत. पिनांना ग्रीस गनने ग्रीस मारा. काढलेलं ऑइल जुन्याच डब्यात भरून ठेवा. कायद्याने ते धोकादायक कचऱ्यात मोडतं आणि नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्याकडेच जायला हवं. ज्या गॅरेजात त्यासाठी पिंप ठेवलेलं असतं तिथे नेऊन द्या. त्यात कुलंट किंवा ब्रेक ऑइल मिसळू नका, मिसळलेलं ऑइल ते घेत नाहीत.