आवाज येईना की

कालपासून मी भाच्याशी बोलत नाही. थ्रेड्सवर, म्हणजे इन्स्टाग्रामवाल्यांच्या लिहायच्या अ‍ॅपवर, खातं त्यानेच काढून दिलं होतं. "मामा, तुम्हाला लिहायची खाज आहे ना, घ्या." ५०० अक्षरांची मर्यादा. मी ४९६ अक्षरांत आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकाठची संध्याकाळ बसवली. तीन दिवसांत एक लाइक, तोही भाच्याचा.

रविवारी दाढीला बसलो होतो. तोंडाला फेस, हातात मोबाइल.

"काय वाचालाव काका?" कारागीर पोरगं, विशीचं.

"थ्रेड्स."

"माझं बी खातं हाय की तिथं."

मी मोहरलो. "काय लिहितोस?"

"लिहितंय कोण? इन्स्टानं इचारलं येतो का, म्हणलं येतो."

जुलै २०२३मध्ये पाच दिवसांत दहा कोटी लोक आले, असा केवढा गाजावाजा झाला होता! गड्ड्याच्या जत्रेत मागून रेटा आला की माणूस आपोआप पाळण्यापाशी पोचतो, त्यातलीच ही गर्दी. कू हे ट्विटरसारखं देशी अ‍ॅप तर २०२४मध्ये बंदच पडलं. तिथे माझा एक लेख अर्धा राहिला होता. पायगुणाचा संबंध नसावा.

पोराने मान वाकडी करून, म्हणजे माझी मान वाकडी करून, स्क्रीन पाहिली.

"आवाज येईना की."

"आवाज नसतो. वाचायचं असतं."

"सगळं?"

"आठ ओळी आहेत रे!"

"मग तुमीच वाचून दाखवा की. माझं हात गुतल्यात."

वस्तरा गळ्याशी असताना वाद घालू नये. मी वाचू लागलो. "मावळतीची तिरपी उन्हं पाण्यावर..." इथे त्याने मिशीखालचं काढायला माझं नाक चिमटीत धरलं आणि उरलेली सगळी उन्हं गेंगाण्या आवाजात मावळली. बाकावरच्या दोन पोरांनी इअरबड्स काढले. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू? मग आरशात दिसलं, एकाचा मोबाइल माझ्यावर रोखलेला.

रात्री भाच्यानेच रील दाखवलं. तीन हजार लोकांनी पाहिलेलं. तलाव कापलेला, मागे ढोल, आणि नाक धरलेला मी.

हीच पोरं दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर बोटं चालवतात. मैत्रिणीचा एक 'हम्म' चार-चार वेळा वाचून त्याचा अर्थ लावत बसतात. आवाज लागतो तो फक्त माझ्या आठ ओळींना!

आज सकाळी शेंगाचटणी आणायला गेलो. गल्ल्यावरच्या पोराने मला पाहिलं आणि काही न बोलता स्वतःचं नाक धरलं.

चटणीचे मात्र पुरते पैसे घेतले.