"एआय लावा, जुनी माणसं काढा" या मेसेजला जिनिंगमधून उत्तर

सध्या आपल्याकडच्या जिनिंगवाल्यांच्या (म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखानदारांच्या), कृषी केंद्रवाल्यांच्या आन शेतकरी कंपन्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला. त्यात म्हटलंय की धंद्यातलं सगळं ज्ञान आता कॉम्प्युटरमध्ये आहेच, एआय ते आपोआप शिकून घेते, एआय चुकत नाही, एकदा लावलं की पुन्हा पाहायचं काम नाही, वरून फुकट, म्हणून दिवाणजी, ग्रेडर (कापसाची प्रत ठरवणारा), जुना फिटर असल्या महागड्या माणसांना आता रामराम करा. मी वर्धा जिल्ह्यात एका जिनिंगमध्ये हिशोब आन कॉम्प्युटर सांभाळतो. एआय रोज वापरतो, मला ते आवडते सुद्धा, तर हे एआयच्या विरोधातलं लिखाण समजू नका. पण हा मेसेज वाचून कोणी खरंच माणूस काढला तर त्याचं घर तर बसेलच, जिनिंगचंही नुकसान होईल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"सगळं ज्ञान कॉम्प्युटरमध्ये आहेच" हा पहिला, आन सगळ्यात चुकीचा. कापसाची गाडी आली की काय होते ते पाहा. ग्रेडर गाडीवर चढतो, वरचा कापूस तो पाहतही नाही कारण वरचा उन्हानं वाळलेलाच राहते, तो कोपरापर्यंत हात आत घालून खालचा मूठभर ओढून काढतो. त्यात पिवळा किती, कवडी (किडका, नीट न फुललेला कापूस) किती, पत्ती किती हे नजरेनं पाहतो. मग एक झुपका घेऊन दोन्ही हातांच्या अंगठ्यात आन बोटात धरून ओढतो, पुन्हा जुळवतो, पुन्हा ओढतो, असं करत तंतू सरळ झाले की लांबी आन ताकद त्याच्या हाताला समजते. शेवटी एक सरकी दाताखाली धरून फोडते, कट्ट आवाज आला तर माल वाळलेला, दबली तर ओल आहे. हे सगळं दोन मिनिटांत होते आन तो एक आकडा बोलतो. सॉफ्टवेअरमध्ये काय जाते? गाडी नंबर, वजन, भाव आन कटती, म्हणजे खराब मालापायी केलेली कपात. कटती कशामुळं लागली हे कुठंच नाही. शेऱ्याचा रकाना आहे, पण काट्यावर मागं गाड्यांची रांग असताना तिथं कोण लिहीत बसते, एकतर रिकामा राहते नाहीतर "इतर".

आता याच नोंदी एआयला दिल्या तर ते काय सांगेल? कोणत्या महिन्यात सरासरी भाव काय राहिला, कोणत्या गावच्या मालाला किती कटती लागली, हे झटक्यात सांगेल, आन ते कामाचं आहे, मला पहिले त्यालाच दोन दिवस लागायचे. पण एखाद्या गावाची कटती एका साली जास्त दिसली तर ती वेचणीच्या वेळी पाऊस पडला म्हणून होती, की कोणी माल भिजवून आणला म्हणून होती, की तो फरदडीचा (हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या जुन्या झाडांचा) माल होता, हे त्या नोंदीत नाहीच. मशीन आकड्यावरून एवढंच धरेल की या गावचा माल खराब. पुढच्या साली त्याच गावच्या शेतकऱ्याचा चांगला वाळवलेला कापूस आला तरी त्याचा भाव आधीच पाडलेला. हा त्या माणसावर अन्याय आहे आन तोही कॉम्प्युटरनं सांगतलं म्हणून, म्हणजे त्यानं भांडायचं तरी कोणाशी?

कोणी म्हणेल ओलाव्याला तर मीटर आहे. आहे ना, आन पाह्यजेच. सीसीआय (सरकारी कापूस खरेदी कंपनी) हमीभावानं घेते तेव्हा ८ ते १२ टक्के ओलाव्याचा हिशोब राहते, ८ च्या वर गेलं की त्या प्रमाणात पैसे कमी, १२ च्या वर माल घेतच नाही, तिथं अंदाज चालत नाही. पण मीटरचा काटा गाडीत नेमका कुठं खुपसायचा, हे मीटर सांगत नाही. ते ग्रेडरच सांगते.

हे मी एकटाच म्हणून राहिलो असंही नाही. मायकेल पोलान्यी नावाच्या विचारवंतानं १९६६ मध्येच मांडलं होतं की माणसाला जेवढं सांगता येते त्यापेक्षा जास्त माहीत राहते. पुढं जपानच्या इकुजिरो नोनाका यांनी कंपन्यांमध्ये हेच ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडं कसं जाते याचा अभ्यास केला, आन त्यांनी सांगतलेलं ब्रेड मशीनचं उदाहरण मला लय पटते. १९८५ मध्ये मात्सुशिता कंपनी घरी ब्रेड बनवायचं मशीन तयार करत होती. ब्रेड वरून करपायचा आन आत कच्चा राहायचा. मशीननं मळलेल्या पिठाचे आन आचाऱ्यानं मळलेल्या पिठाचे एक्स-रे काढून ताडून पाह्यले, तरी काही समजेना. मग त्यांच्यातली सॉफ्टवेअर करणारी इकुको तनाका ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य ब्रेडवाल्याकडं शिकायला राहिली. तिच्या लक्षात आलं की तो पीठ ओढताना एक वेगळ्या पद्धतीनं ताणते. इंजिनिअर लोकांसोबत वर्षभर खटपट करून तिनं ते मशीनमध्ये उतरवलं, आत खास पट्ट्या बसवल्या, तेव्हा कुठं ब्रेड जमला. एवढी मोठी कंपनी, हाताशी एक्स-रे, तरी शेवटी एका माणसाला दुसऱ्या माणसाजवळ जाऊन शिकावंच लागलं.

आन "आपोआप शिकते" हे तर साफ खोटं आहे. तुम्ही चॅटबॉटशी दिवसभर बोल्ले म्हणून तो तुमचं जिनिंग शिकून बसत नाही. आता कंपन्या जे करतात ते असं, की आपले कागद, दरपत्रकं, नियम, जुने पत्रव्यवहार एका ठिकाणी ठेवायचे, प्रश्न आला की सिस्टीम आधी त्यातून संबंधित कागद शोधते आन मग एआय त्यावरून उत्तर लिहिते. ही पद्धत मागच्या काही वर्षांत जास्त चालली आन चांगली आहे. पण कागदात नसलेलं ती आणणार कुठून?

"एआय चुकत नाही". चुकते, आन चुकताना आवाज अजिबात कापत नाही, ही अडचण आहे. चॅटबॉट मुळात पुढचा शब्द कोणता येईल याच्या अंदाजावर चालते, त्याला खरं-खोटं वेगळं माहीत नाही. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला सांगतलं की घरात मयत झाली असेल तर तिकीट काढल्यावरही ९० दिवसांत सवलत मागता येते. कंपनीचा नियम तसा नव्हताच. त्यानं तिकीट काढलं, सवलत मागितली, कंपनी नाही म्हणाली. वरून कंपनीनं बाजू मांडली की चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या लवादानं हे मान्य केलं नाही आन कंपनीला पैसे भरायला लावले.

आपल्याकडं हे कसं होईल सांगतो. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ ला ७५२१ रुपये होता आन २०२५-२६ ला ८११० झाला. दोन्ही परिपत्रकं एकाच फोल्डरमध्ये पडली आन जुन्यावर "हे आता लागू नाही" असं कोणी लिहिलं नाही, तर एआय कोणतं उचलेल याचा भरवसा नाही. क्विंटलमागं ५८९ रुपयांचा फरक. शेतकऱ्यानं आपल्या मोबाईलवर विचारलं आन त्याला जुना आकडा आला तर तो व्यापाऱ्याला ७६०० ला आनंदानं माल देऊन घरी जाईल. म्हणून उत्तरासोबत कोणत्या तारखेच्या कोणत्या कागदावरून हे सांगतलं ते दिसलंच पाह्यजे, आन पैशाचा विषय असला की माणसानं तो कागद उघडून पाह्यलाच पाह्यजे.

"एकदा लावलं की झालं", यावर जास्त लिहीत नाही. अमेरिकेत डीईसी कंपनीनं १९८० च्या सुमारास कॉम्प्युटरच्या ऑर्डरी जुळवायला एक्सकॉन नावाची सिस्टीम लावली होती, जाणकारांकडून नियम काढून तिच्यात भरलेले. ती लय चालली, कंपनीचे कोट्यवधी डॉलर वाचले, पण नवीन माल आला की नियम बदला, असं करत ती सांभाळायलाच माणसांची टीम लागायला लागली. आन आपण तर याचं उदाहरण स्वतःच्या वावरात पाह्यलंय. २००६ मध्ये बोलगार्ड दोन हे अळी रोखणारं बीटी कापसाचं बियाणं आलं तेव्हा बीटीवर बोंडअळी येत नाही हे खरं होतं, कृषी केंद्रवाले तेच सांगत होते आन ते तेव्हा चूक नव्हते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली पऱ्हाटी (कापसाचं पीक) खाल्ली. कोणी त्या जुन्या सल्ल्यावर एआय शिकवून तसंच सोडून दिलं असतं तर त्यानं २०१७ मध्येही सांगतलं असतं की काळजी करू नका. ती अळी पहिले बोंड फोडून पाहणाऱ्या माणसाला दिसली.

"फुकट आहे, सगळा डेटा टाका". अजिबात टाकू नका. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअर लोकांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला म्हणून कंपनीला ते वापरणंच बंद करावं लागलं. बऱ्याच फुकट चॅटबॉटमध्ये सेटिंग बदललं नाही तर तुम्ही टाकलेलं पुढं मॉडेल शिकवायला वापरलं जाऊ शकते. आपल्या कॉम्प्युटरमध्ये शेतकऱ्याचं आधार, पासबुक, सातबारा राहते. ते त्यानं कापसाच्या पैशासाठी दिलं, चॅटबॉटला द्यायला नाही दिलं, आन २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नेमका याच्यासाठीच झाला. नाव, नंबर, खातं काढून टाका, मग बाकी काय विचारायचं ते विचारा.

आता शेवटचं, "जुनी माणसं काढा". झेरॉक्स कंपनीत ज्युलियन ऑर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं मशीन दुरुस्त करणाऱ्या लोकांसोबत राहून पाह्यलं. त्याला दिसलं की अवघड बिघाड ते पुस्तकात पाहून काढत नाहीत, चहा-नाश्त्याला बसले की एकमेकांना किस्से सांगतात आन त्यातूनच शिकतात. मग कंपनीनं युरेका नावाची सिस्टीम केली, ज्याला नवी युक्ती सापडली त्यानं ती लिहायची, अनुभवी लोकांनी तपासायची, मग ती सगळ्यांना दिसायची. बक्षिसाचे पैसे द्यायचे का असा विषय निघाला तेव्हा त्या कारागिरांनी सांगतलं की पैसे नको, युक्तीखाली आमचं नाव टाका. हे मी आमच्या मालकाला वाचून दाखवलं होतं. ज्याला माहीत आहे की आपण सांगतलं की उद्या आपल्याला घरी बसवणार, तो काहून सांगेल? माणसं काढायची भीती घातली की ज्ञान दडूनच बसते, मग कोणतंही सॉफ्टवेअर आणा.

आम्ही केलं ते असं. हंगामात ग्रेडरनं कटती सांगतली की शेजारचा पोरगा त्या मुठीचा फोटो काढते आन ग्रेडर त्याच्या वऱ्हाडीत कारण बोलते, "खालून ओला हाय, वरून वाळवला", बस एवढं. एआय ते लिहून काढते, संध्याकाळी ग्रेडरला वाचून दाखवते, तो चूक काढते, मगच नोंद पक्की होते, त्याच्या नावानं आन तारखेनं. रेचा (सरकी काढायचं मशीन) कशानं चोक झाला, कोणत्या आवाजानंतर बेअरिंग गेली, हे फिटर तसंच सांगते. आता कोणी कटतीवरून भांडायला आला तर त्याला फोटो आन कारण दाखवता येते, आन पोरगा स्वतः गाडीवर चढून आत हात घालायला शिकून राहिला. एआयचा यात वाटा मोठा आहे, बोललेलं लिहिणं आन लिहिलेलं शोधून देणं ही दोन्ही कामं त्याच्याशिवाय आम्हाला परवडली नसती.

मालक लोकांना एवढंच म्हणणं आहे की हंगाम संपला की ग्रेडरला घरी पाठवता, तर या उन्हाळ्यात तसं करू नका. निदान दोन महिने पगार चालू ठेवा, जुने नमुने समोर घ्या, दोन पोरं त्याच्याजवळ बसवा आन त्याला बोलू द्या. कोणते प्रश्न विचारायचे त्याची यादी आन नोंदीचा तक्ता माझ्याकडं तयार आहे, ज्याला पाह्यजे त्यानं मागा, लगेच पाठवतो.