काका म्हणाले, नासलंय

मी रडत नव्हतो. हे एकदा लिहूनच ठेवतो, कारण गेले चार दिवस जिन्यात भेटणारा प्रत्येक जण माझ्या खांद्यावर हात ठेवतोय.

प्रकरण मिरच्यांच्या सॉसचं होतं. किलोभर लाल मिरच्या भरड वाटायच्या, ३० ग्रॅम मीठ कालवायचं आणि बरणीत २८ दिवस आंबवायचं. मिरचीच्या सालीवर जिवाणू मुळातच बसलेले असतात, ते लॅक्टिक आम्ल करायला लागतात. मिठामुळे बाकीच्या टवाळांना थारा मिळत नाही. आपलं काम एकच, रोज झाकण सैल करून वायू सोडायचा. पहिल्या आठवड्यात बरणी असे उसासे टाकायची की घरात तिसरं माणूस आल्यासारखं वाटे. दुसऱ्या माणसाला ते मुळीच आवडलं नव्हतं. अकराव्या दिवशी वर पांढरा पापुद्रा धरला. रात्री दीड वाजता टॉर्च लावून पाहिलं. सपाट, सुरकुतलेला असेल तर नुसतं यीस्ट, काढून टाकायचं. लव आली असेल, हिरवं-काळं दिसत असेल तर बुरशी, मग बरणीसकट विसरायचं. सपाट होता. त्या रात्री मला जी झोप लागली तशी दहावीच्या निकालानंतरही लागली नव्हती.

तर, बाटल्या भरायचा दिवस. मिश्रण पुन्हा बारीक वाटलं, गाळलं आणि उकळत ठेवलं. उकळायचं अशासाठी की जिवंत जिवाणू बंद बाटलीतही वायू करत बसतात, आणि एक दिवस बूच छताला जाऊन लागतं. एक बाटली मात्र मी न उकळता भरली, कच्च्या सॉसची चव वेगळीच असते म्हणून. ती फ्रीजमध्ये जाणार होती. गारठ्यात जिवाणू निवांत पडून राहतात.

उकळत्या मिरचीची वाफ काय चीज आहे, हे मिरची खाऊन कळत नाही. दोन मिनिटांत डोळे, नाक, घसा, तिन्ही एकदम वाहायला लागले. हिने सकाळीच बॅग भरली होती. "वास गेला की फोन कर," म्हणाली आणि बहिणीकडे गेली.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात खालच्या मजल्यावरचे काका. ते आले होते खोकल्याची तक्रार करायला, हे त्यांच्या आवेशावरून दिसत होतं. पण मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम विरघळला.

"मला सकाळीच वाटलं," ते म्हणाले. "बॅग घेऊन उतरताना दिसली ती."

"काका, तसं नाही..." पुढचं खोकल्यात गेलं.

"बोलू नकोस. रड. पुरुषांनी रडू नये म्हणतात ना, तेच चुकतं." आणि मला दंडाला धरून माझ्याच घरात नेऊन माझ्याच खुर्चीवर बसवलं.

"कॅप्सायसिन आहे हो, काका!"

काका दचकले. "किती घेतल्यास?"

"काय?"

"गोळ्या. किती घेतल्यास?"

मी सांगत सुटलो. हा मिरचीतला पदार्थ, आता वाफेबरोबर हवेत आलाय. आपल्या नसांवर उष्णता ओळखणारी एक जागा असते, तिथे हा जाऊन बसतो आणि मेंदूला वाटतं आपण भाजतोय. ती जागा शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. नाक पुसत, हुंदके दिल्यासारखं हे सगळं सांगितलं. काका मान हलवत राहिले. नोबेलपाशी त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी आंबटपणा मोजणारा पीएच मीटर दाखवला. ३.५ आकडा. ४.६ च्या खाली असला की बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू वाढत नाहीत.

"म्हणजे ताप नाही," काका म्हणाले.

मग त्यांची नजर ओट्यावर गेली. त्यांनी चमचा घेतला, कच्च्या सॉसचा थेंब जिभेवर ठेवला, डोळे मिटले. मी खोकणं थांबवून वाट पाहिली. हो, पाहिली. अठ्ठावीस दिवसांत दुसऱ्या माणसाच्या जिभेवर पडलेला तो पहिला थेंब होता.

"नासलंय," काका म्हणाले.

"आंबलंय, काका. मुद्दाम आंबवलंय."

"तेच ते. दुःखात माणसाला चव कळत नाही."

इथे मात्र मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. अमेरिकेत लुइझियानातल्या एव्हरी बेटावर १८६८ पासून टबॅस्को सॉस करतात. त्याची वाटलेली मिरची मीठ घालून ओकच्या पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरत ठेवतात. तीही आंबलेलीच. पण तिच्या बाटलीवर छापील कागद आहे, म्हणून ती परंपरा. मी ग्रॅमच्या काट्यावर मीठ तोललं, मीटर पीएच चारच्या आणि सातच्या द्रावणात बुडवून अचूक लावून घेतला, रात्री टॉर्च घेऊन उठलो. पण कागदावर बॉलपेनने तारीख लिहिली, म्हणून ते नासलेलं. विकतचं असतं तर हेच काका जीभ पोळून घेऊन "वा, काय आंबटपणा आहे" म्हणाले असते. मी ओळखतो ना त्यांना.

जाताना त्यांनी ती कच्च्या सॉसची बाटली उचलली.

"अशा वेळी हे घरात नको. मी टाकून देतो." दोन पावलं गेले, थांबले. "बाटली छान आहे पण."

"काका, टाकणार नसाल तर फ्रीजमध्ये ठेवा. जिवंत आहे ती."

"नासलेलं कोणी फ्रीजमध्ये ठेवतं का?"

दुसऱ्या दिवशी ही परत आली. काकांनी तिला जिन्यातच गाठलं आणि डोक्यावर हात ठेवून "झालं गेलं विसरून जा" म्हणाले. तेव्हापासून ती मला विचारतेय, काय झालं आणि काय गेलं.

उरलेल्या चार बाटल्या शांत आहेत. पाचवी काकांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, उन्हात, बूच घट्ट लावून उभी आहे. काल मी पुन्हा सांगून आलो. काकांनी मला पाणी दिलं, बसवलं आणि विचारलं, "आता झोप लागते का?"

लागत नाही. खालून आवाज येतोय का, ते ऐकत पडलेला असतो.