डबा भरलेला परत येतो, कारण खायला वेळच नसतो

आज पालकसभेला आलेल्या पाहुण्या बाईंनी पाऊण तास एकच पालुपद लावलं होतं. हल्लीच्या मुलांना घरचं नको, सगळं चमचमीत हवं, आयांनीच लाडावून ठेवलंय. आणि समोर बसलेले बाप माना डोलवत होते. डोकंच फिरलं माझं.

माझी भाची दहावीत आहे. परवा रात्री क्लासहून आमच्याकडे आली आणि पाठीवरची सॅकसुद्धा न उतरवता ओट्यापाशी उभी राहून स्वतःचाच डबा खायला लागली. सकाळची गवार, वातड झालेल्या पोळ्या. म्हटलं, थांब, गरम करून देते. तर म्हणाली, "राहू दे मावशी, खूप भूक लागलीये."

हिला घरचं नको?

पहाटेचा क्लास, मग शाळा, शाळेतून थेट दुसरा क्लास. मधली सुट्टी २० मिनिटांची, त्यातली निम्मी नळाच्या रांगेत. क्लासमध्ये डबा उघडला की सर ओरडतात, वास येतो म्हणे. मग खाली गाडीवरचा वडापाव, कारण तो दोन मिनिटांत उभ्याउभ्या संपतो. पाणी तर ती पीतच नाही. शाळेचं स्वच्छतागृह बघा, म्हणजे कळेल का ते.

हो, रीलमध्ये बघून रात्रीचं जेवण सोडणाऱ्या मुली आहेत. मान्य. पण सगळ्यांचं खापर मोबाईलवर फोडू नका.

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जंक फूड विकायचं नाही, असा नियम २०२० मध्येच झालाय. आमच्या फाटकाला लागूनच टपरी आहे. सरकारी शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच. नववीत काय भूक मरते? देशात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलंय. त्यावर बाई अवाक्षर बोलल्या नाहीत.

माझी बहीण पहाटे उठून तो डबा करते. रात्री तो भरलेला परत आला की काही बोलत नाही, नुसती घासायला घेते. तिला लाडावणारी आई म्हणायचं?

सोमवारी मी मुख्याध्यापकांना भेटणार आहे. मधली सुट्टी ४० मिनिटांची करा. तिथून क्लासवाल्यांकडे जाईन, शाळा सुटल्यावर मुलांना अर्धा तास बसून खाऊ द्या म्हणून. ज्यांची मुलं त्याच क्लासला आहेत त्यांनी सोबत या. एकटीचं कोण ऐकतंय?