याकोबाची लबाडी आणि शेळीचा हिशेब

एक मजकूर बरेच दिवस हातोहात फिरतोय. त्याचा सारांश असा: बायबलमधल्या याकोबाने भुकेल्या जुळ्या भावाकडून, एसावाकडून, वाटीभर वरणाच्या बदल्यात थोरलेपण लुटलं. मग म्हाताऱ्या, दृष्टी गेलेल्या बापाला फसवून आशीर्वादही लाटला. शिक्षा शून्य. देवाने उलट त्यालाच ‘इस्राएल’ हे नाव देऊन राष्ट्राचा मूळपुरुष केलं. एसाव बिचारा देशोधडीला लागला आणि धर्मग्रंथ या लबाडाचे गोडवे गातो. तात्पर्य, या देवाला लबाड आवडतात.

यातल्या घटना मजकूर लिहिणाऱ्याने मनाने रचलेल्या नाहीत. पण त्याने २७वा अध्याय वाचून पुस्तक मिटलेलं दिसतं. उत्पत्तीचे, म्हणजे बायबलच्या ज्या पहिल्या पुस्तकात ही गोष्ट आहे त्याचे, अध्याय ५० आहेत आणि याकोब अगदी शेवटच्या पानांपर्यंत आहे.

आधी वरणाचं बघू, कारण ते लवकर संपतं. ती फसवणूक नव्हतीच. एसाव रानातून दमून आला, त्याने ते तांबडं मसुरीचं वरण मागितलं. याकोबाने तोंडावर किंमत सांगितली, शपथ घ्यायला लावली आणि एसावाने ती घेतली. सौदा उघड होता. वाटीभर वरणासाठी सख्ख्या भावाकडून शपथ घेणारा माणूस मला शेजारी म्हणूनही नको, ते वेगळं. पण निवेदक इथे बोट एसावाकडे दाखवतो. जेवला, प्याला, उठला, चालता झाला, अशी क्रियापदांची रांग लावतो आणि म्हणतो, एसावाने आपलं थोरलेपण असं कवडीमोल केलं. एरवी हा निवेदक स्वतःचं मत फारसं देत नाही.

आता खरा गुन्हा. बापाला, इसहाकाला, दिसेनासं झालंय. मरण्याआधी आशीर्वाद द्यावा म्हणून तो एसावाला शिकारीला धाडतो. आई रिबका आडून ऐकते, धाकट्याला दोन करडं आणायला सांगते, चमचमीत मटण रांधते, थोरल्याचे कपडे धाकट्याला घालते आणि त्याच्या गुळगुळीत हातांवर, मानेवर करडांची कातडी चढवते. बाप विचारतो, ‘तू कोण, बाळा?’ उत्तर येतं, ‘मी एसाव, तुझा थोरला.’ शिकार इतक्या लवकर कशी मिळाली, या प्रश्नावर हा पठ्ठ्या चक्क देवाचं नाव घेतो. म्हातारा चाचपून म्हणतो, आवाज याकोबाचा आहे, हात मात्र एसावाचे. तरी आशीर्वाद देतो.

‘शिक्षा शून्य’ हा दावा इथून पुढे तपासायचा. आकाशातून वीज पडत नाही, हे खरं. देव याकोबाला रागावत नाही, बेथेलला स्वप्नात भेटतो तेव्हाही लबाडीबद्दल अवाक्षर काढत नाही. हे मलाही खटकतं आणि मजकूर लिहिणाऱ्याचा एवढा मुद्दा मी निमूट मान्य करतो. पण हिब्रू गोष्ट शिक्षा जाहीर करत नाही. ती एक शब्द पेरून ठेवते आणि पुढे तोच शब्द उगवलेला दाखवते.

एसाव शिकार घेऊन परततो तेव्हा इसहाक थरथर कापत सांगतो, तुझा भाऊ ‘मिर्मा’ने, म्हणजे कपटाने आला आणि तुझा आशीर्वाद घेऊन गेला. याकोब पळतो तो हारानला, लाबान मामाकडे. मामाची धाकटी राहेल त्याच्या मनात भरते. (मामाच्या मुलीशी लग्न यात मराठी वाचकाला वेगळं वाटण्यासारखं काही नाही.) तिच्यासाठी तो सात वर्षं राबतो. लग्नाची रात्र होते. सकाळी उजेडात बघतो, तर शेजारी लेआ, थोरली! तो मामावर ओरडतो, ‘रिम्मितानी?’ मला का फसवलंस? हा शब्द ‘मिर्मा’च्याच धातूचा. मामाचं उत्तर तर फोडणीसारखं चुरचुरतं: आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटीला द्यायची रीत नाही. ‘थोरली’साठी त्याने वापरलेला शब्द ‘बखीरा’ आणि याकोबाने वरण देऊन घेतलेलं थोरलेपण ‘बखोरा’. अंधारात बापापुढे थोरला होऊन उभा राहिलेल्या भाच्याला मामाने अंधारातच थोरली दिली. मराठीत याला मामा बनवणं म्हणतात. इथे ते मामानेच केलं.

हे आजच्या अभ्यासकांनी शोधलेलं नाही. प्राचीन यहुदी मिद्राशात, म्हणजे धर्मग्रंथावरच्या गोष्टीवेल्हाळ भाष्यात, ही सकाळ रंगवली आहे. याकोब लेआला म्हणतो, रात्रभर राहेल म्हणून हाक मारली तर तू ओ देत होतीस! ती म्हणते, शिष्याशिवाय गुरू असतो का? बापाने एसाव म्हणून हाक मारली तेव्हा तूही ओ दिलीसच की.

राहेलसाठी आणखी सात वर्षं, मग कळपासाठी सहा. दिवसा ऊन, रात्री थंडी, डोळ्याला डोळा नाही, आणि मामाने मजुरी दहादा बदलली, हे याकोब स्वतःच सांगतो. घर सोडताना रिबका म्हणाली होती, भावाचा राग निवेपर्यंत ‘यामीम अखादीम’, थोडेच दिवस, तिकडे राहा. त्या थोड्या दिवसांची २० वर्षं झाली. राहेलच्या प्रेमापायी पहिली सात वर्षं त्याला ‘थोड्याच दिवसांसारखी’ वाटली, असं ग्रंथ म्हणतो, आणि तिथे शब्द तेच आहेत, आईचे.

आईचं काय झालं? शाप लागला तर माझ्यावर येऊ दे, असं ती मुलाला म्हणाली होती. याकोबाला हारानला धाडण्याची व्यवस्था झाल्यावर ती गोष्टीत पुन्हा दिसत नाही. तिची दाई दबोरा कुठे वारली, कोणत्या झाडाखाली पुरली, याची नोंद आहे. रिबका वारल्याची नाही. मकपेलाच्या गुहेत तिला पुरल्याचं कळतं तेही ४९व्या अध्यायात, मरणाला टेकलेल्या याकोबाच्या तोंडून. लाडक्या लेकाला तिने पुन्हा पाहिल्याचं कुठेही लिहिलेलं नाही.

आणि मग शेळी. याकोबाची पोरं आपल्याच भावाला, योसेफाला, २० रुप्यांना विकतात, बोकड मारून योसेफाचा झगा रक्तात बुडवतात आणि बापापुढे टाकतात: ‘हक्केर ना’, ओळखा बघू, तुमच्या मुलाचा का? तो ओळखतो आणि कपडे फाडतो. करडाचं कातडं आणि भावाचे कपडे वापरून त्याने आपल्या बापाला फसवलं होतं, आणि तिथे लिहिलं होतं, इसहाकाने ‘त्याला ओळखलं नाही’. क्रियापद एकच, साहित्यही तेच: शेळीची जात आणि भावाचे कपडे. योसेफ तेव्हा १७ वर्षांचा. तो ३० व्या वर्षी मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहतो, मग सुकाळाची सात वर्षं आणि दुष्काळाची दोन, तेव्हा कुठे बाप-लेक भेटतात. हिशेब मांडला तर बाप २२ वर्षं जिवंत मुलाचा शोक करत होता.

शेवटी मिसरात फारो वय विचारतो तेव्हा हा ‘जिंकलेला’ माणूस म्हणतो, १३० वर्षं. माझ्या आयुष्याचे दिवस थोडे आणि वाईट गेले.

दुसरा दावा असा की चोरलेला आशीर्वाद हेच देवाचं वरदान. इथे मजकूर लिहिणाऱ्याने दोन आशीर्वादांची सरमिसळ केली आहे. इसहाक २७व्या अध्यायात एसाव समजून जे देतो त्यात आकाशाचं दव, सुपीक जमीन, धान्य, द्राक्षारस आणि भावांवर सत्ता आहे. याकोबाच्या आजोबाला, अब्राहामाला, देवाने दिलेलं वचन, ती संतती आणि तो देश, त्यात नाही. ते येतं २८व्या अध्यायाच्या सुरुवातीला. तेव्हा कातडी उतरलेली आहे, सोंग उघडं पडलं आहे आणि इसहाक याकोबाला याकोब म्हणूनच बोलावतो. समोर कोण आहे हे पक्कं ठाऊक असताना तो ‘अब्राहामाचा आशीर्वाद’ देतो. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यातला मोलाचा भाग मागच्या दाराने मिळालाच नव्हता. शिवाय जुळी पोटात असतानाच देवाने रिबकेला सांगितलं होतं की थोरला धाकट्याची चाकरी करील. न जन्मलेल्याला लबाडीचं बक्षीस कसं देणार? निवड आधीची, लबाडी नंतरची. अशी निवड न्याय्य का, हा प्रश्न उरतोच आणि तो अवघड आहे. पण तो वेगळा प्रश्न आहे.

भावांवरच्या त्या सत्तेचं काय झालं, तेही बघा. तुझ्या आईची मुलं तुला दंडवत घालतील, असं इसहाक म्हणाला होता. २० वर्षांनी एसाव ४०० माणसं घेऊन समोरून येतो, तेव्हा दंडवत कोण घालतो? याकोब, एकदा नाही तर सात वेळा. त्याआधी त्याने भेट म्हणून पुढे पाठवलेले कळप ग्रंथात मोजून दिले आहेत: शेळ्या २००, बोकड २०, मेंढ्या २००, मेंढे २०, दुभत्या सांडणी ३० पिलांसह, गाई ४०, बैल १०, गाढवी २० आणि गाढवं १०. एसाव नको म्हणतो. याकोब गळ घालतो, ‘घे माझी बिर्खाती.’ भाषांतरात बहुधा ‘भेट’ असा शब्द येतो. हिब्रूत तो आहे ‘माझा आशीर्वाद’. ‘माझा आशीर्वादही घेतला’ म्हणून एसाव बापापुढे रडला होता तेव्हा त्याच्या तोंडी नेमका हाच शब्द होता.

एसाव देशोधडीला लागला हा दावा सर्वांत कच्चा. तो श्रीमंत आहे. ‘माझ्याकडे पुष्कळ आहे, भाऊ,’ असं तो स्वतःच म्हणतो. ३६वा अध्याय सबंध त्याच्या वंशाला दिलेला आहे, आणि इस्राएलात राजा होण्याआधी अदोमात, म्हणजे एसावाच्या वंशजांच्या देशात, राजे होऊन गेले, असं तिथे सरळ लिहिलं आहे. ‘अनुवाद’ या बायबलच्या पाचव्या पुस्तकात तर देव इस्राएली लोकांना बजावतो की सेईर डोंगर मी एसावाला दिला आहे, त्यातली पाऊलभर जमीनही तुम्हाला मिळायची नाही. त्याच ग्रंथात पुढे आज्ञा आहे: अदोमी माणसाचा तिरस्कार करू नका, तो तुमचा भाऊ आहे.

राहिला गोडव्यांचा मुद्दा. होशेय संदेष्टा आपल्या लोकांना झापतो तेव्हा पूर्वजाचंच उदाहरण काढतो: याने पोटातच भावाची टाच धरली होती. यिर्मया संदेष्टा म्हणतो, भावावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक भाऊ ‘अकोव याकोव’, म्हणजे याकोबगिरी करणारच. स्वतःच्या मूळपुरुषाच्या नावाचं फसवणुकीचं क्रियापद करणारे संदेष्टे कोणत्या भाटगिरीत बसतात? आशीर्वाद गेल्याचं कळल्यावर एसावाने फोडलेली कडवट किंकाळी मिद्राशाने पुढे पारसाच्या शूशन नगरात ऐकवली आहे: याकोबाने एकदा किंकाळी फोडायला लावली, म्हणून त्याच्या वंशातल्या, एस्तेरच्या गोष्टीतल्या मर्दखयाला तशीच फोडावी लागली. सारवासारव करणारेही झाले, नाही असं नाही. राशी या अकराव्या शतकातल्या भाष्यकाराने ‘मी एसाव, तुझा थोरला’ हे वाक्य तोडून ‘मी (आणणारा), एसाव तुझा थोरला’ असं वाचून दाखवलं. वकिलाला शोभेलशी युक्ती. पण वकील लागला, यातच काय ते आलं.

अब्राहामाचं उदाहरण कुणी काढलं असतं तर माझी जास्त पंचाईत झाली असती. तो मिसरात बायकोला बहीण म्हणून सांगतो आणि मेंढरं, गुरं, उंट घेऊन बाहेर पडतो. तिथे लबाडी खरंच फळते. मात्र त्या प्रसंगात योग्य बोलणारा माणूस फारो आहे. ‘हे काय केलंस तू?’ असं परका राजा पूर्वजाला विचारतो आणि पूर्वजाकडे उत्तर नाही.

आणि ‘इस्राएल’ हे नाव? तेही आयतं मिळालेलं नाही. यब्बोक नदीकाठी रात्रभर एकाशी झोंबी, मांडीचा सांधा निखळलेला, आणि आशीर्वाद मागितल्यावर समोरून प्रश्न: ‘तुझं नाव काय?’ मागे बापाने कोण म्हणून विचारलं तेव्हा तो एसाव झाला होता. या वेळी म्हणतो, ‘याकोब.’ त्यानंतर नवं नाव मिळतं आणि सूर्य उगवतो तेव्हा तो लंगडत असतो.

याने तो सुधारला असं कुणी समजू नये. गळाभेट झाल्यावर एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणतो, पोरं लहान आहेत, गुरं व्यालेली आहेत, तू हो पुढे, मी सावकाश सेईरला येतो. एसाव सेईरला जातो. याकोब सुक्कोथला जाऊन घर बांधतो.

दोघं एकत्र दिसतात ते पुन्हा एकदाच. ‘मरणाचा दिवस ठाऊक नाही’ म्हणून घाईने आशीर्वाद द्यायला निघालेला इसहाक त्यानंतर कितीतरी वर्षं जगला आणि १८० व्या वर्षी गेला. त्याला मूठमाती देणाऱ्या मुलांची नावं ग्रंथात जन्माच्या क्रमाने लिहिली आहेत: एसाव आणि याकोब.