किम मिन-जे आणि ते एक पाऊल

परवा आमच्या ग्रुपवर कुणीतरी परत कोरियन डिफेंडर किम मिन-जेची तीच क्लिप टाकली, त्याचा जर्मन क्लब बायर्न म्युनिक विरुद्ध रिअल माद्रिद, चॅम्पियन्स लीग सेमी, पहिला लेग, म्हणजे दोन मॅचमधली पहिली. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग आणि "हा म्हणे पन्नास मिलियनचा डिफेंडर". रिप्लाय टाइप करायला घेतला तो एवढा लांबला की म्हटलं इथंच टाकतो.

ती मॅच मी लाइव्ह बघितलीय. ३० एप्रिल २०२४, आपल्याकडं रात्रीचे साडेबारा, म्हणजे १ मे लागलेला, महाराष्ट्र दिनाची सुट्टी, त्यामुळं बिनधास्त जागलो. २४ व्या मिनिटाला माद्रिदचा फॉरवर्ड विनिशियस बॉल पायात घ्यायला येतोय असं दाखवत खाली आला, किम त्याच्या पाठीला चिकटून पुढं निघाला, तिकडं माद्रिदच्याच क्रोसनं आधी हातानं मोकळी जागा दाखवली आणि मग तिथंच पास सोडला. विनिशियस गर्रकन वळला, किम मागं राहिला, गोल. नंतर बायर्न २-१ नं पुढं असताना किमनंच बॉक्समध्ये माद्रिदच्या रॉड्रिगोला पाडलं, पेनल्टी, २-२. घरातले उठू नयेत म्हणून मी उशीत तोंड खुपसून शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू. मॅचनंतर बायर्नचा कोच टुखेलनं पण सगळ्यांसमोर सांगून टाकलं की किम हावरटपणा करतोय, उगाच पुढं जातोय.

आता माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या पावलामुळं तो म्युनिकमध्ये हावरट ठरला तेच पाऊल त्याआधी इटलीतल्या नापोली क्लबमध्ये त्याचं भांडवल होतं.

२०२२ मध्ये नापोलीचा डिफेंडर कुलिबाली चेल्सीला गेला. नापोलीवाल्यांचा तो लाडका, आणि त्याच्या जागी कोण, तर तुर्कस्तानात फेनरबाचेकडं एक सीझन खेळलेला कोरियन. कॅम्पमध्ये नव्या पोराला गाणं म्हणायला लावतात, यानं गंगनम स्टाइल म्हटलं, सगळे खूश, पण खेळाचं काय? कोच स्पालेट्टीची टीम वर चढून खेळायची, म्हणजे सेंटरबॅकच्या, मधल्या डिफेंडरच्या, मागं हे एवढं रान मोकळं. स्ट्रायकरला बॉल पायात मिळायच्या आत किम त्याच्या अंगावर, आणि तो पुढं गेला की त्याचा जोडीदार सेंटरबॅक रहमानी मागची जागा धरायचा. हे सेटिंग बसलं आणि ३८ मॅचमध्ये नापोलीनं फक्त २८ गोल खाल्ले, लीगमध्ये सगळ्यात कमी. मॅराडोनाच्या १९९० नंतर ३३ वर्षांनी टायटल आलं आणि सेरी आ चा, म्हणजे इटलीच्या लीगचा, बेस्ट डिफेंडर म्हणून किमला अवॉर्ड. त्या सीझनला मिलानमध्ये २-१ नं पुढं असताना अगदी शेवटी ब्राहिम डियाझनं जवळून हेडर मारला, यानं कुठनं तरी पाय लांब करून अडवला, आणि हा नि रहमानी एकमेकांना मिठ्या मारून असे ओरडले की जसा काय गोलच मारलाय. ही क्लिप कधी फॉरवर्ड आली का तुम्हाला? मला तरी नाही.

डिफेंडरचं हे असंच असतं राव. मी कॉलेजात असताना बॅकला खेळायचो. एकदा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर ऑफसाइड म्हणून हात वर करून उभा राहिलो, शिट्टी वाजलीच नाही, गोल झाला. वीस वर्षं झाली, पेठेत अजून मला "हात वर" म्हणूनच हाक मारतात.

आणि परदेशात तर अजून वांदे. स्ट्रायकरला भाषा नाही आली तरी चालतं, बॉल पायात आला की मारायचा. सेंटरबॅकला सारखं ओरडावं लागतं, लाइन वर घे, मागं माणूस आलाय, सोड, माझा. हे कुठल्या भाषेत ओरडायचं? कोरियातल्या जोनबुक क्लबनंतर किम बीजिंग, इस्तंबूल, नेपल्स, म्युनिक, साडेचार वर्षांत चार देश. शेजारचा गडी बदलला की सगळं पहिल्यापासून.

बरं किम काय अकॅडमीत लाडात वाढलेला नाही. तोंगयंग नावाच्या समुद्राकाठच्या गावातला, आईबापाचं माशांचं छोटं हॉटेल. युनिव्हर्सिटी अर्धवट सोडून खेळला कुठं, तर अणुवीज कंपनीच्या टीमकडून, खालच्या लीगमध्ये. २०१८ चा वर्ल्ड कप पाय मोडल्यामुळं हुकला. त्याच वर्षी एशियन गेम्सचं गोल्ड मिळालं म्हणून कोरियात असते ती लष्करातली सक्तीची नोकरी तेवढी टळली. मग चीनला गेला तर कोरियातल्याच लोकांनी पैशासाठी गेला म्हणून झोडपलं.

नोकरी टळली तरी तीन आठवड्यांचं ट्रेनिंग चुकत नाही. म्हणजे बघा, नापोलीचा अख्खा सीझन, मग जून २०२३ मध्ये डोकं भादरून लष्करी कॅम्प, तिथून बाहेर पडतो तोच बायर्नची मेडिकल. डिसेंबरपर्यंत जवळपास सगळ्या मॅच यालाच खेळवला. जानेवारीत एशियन कप, तिथं जॉर्डनविरुद्धच्या सेमीला दोन यलोमुळं बाहेर, टीम २-० नं हरताना हा स्टँडमध्ये बसलेला. परत आला तर बायर्नमध्ये त्याच्या जागेवर डायर आणि डी लिख्ट. माद्रिदच्या मॅचला डी लिख्ट फिट नव्हता म्हणून याला चान्स मिळाला, म्हणजे आधीच बेंचवरचा, त्यात स्वतःला सिद्ध करायची घाई. पुढं पाऊल पडणारच की. आणि मागं रहमानी नव्हता.

चूक त्याचीच होती, दोन्ही गोल त्याच्याच खात्यात, त्यात वाद नाही. पण "नापोलीत तुक्का लागला" हे मी ऐकून घेणार नाही. २०२४-२५ मध्ये बायर्नचा नवा कोच कोंपनीनं त्याला टाचेच्या वर अकिलीसला सूज असताना महिनोन् महिने खेळवला. मार्चमध्ये देशासाठी खेळता आलं नाही तेव्हा कोरियाचे कोच होंग म्योंग-बो, जे स्वतः एके काळचे नावाजलेले डिफेंडर, ते उघड बोलले की बायर्ननं खेळाडूला सांभाळलं नाही. तरी बायर्ननं बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची लीग, जिंकलीच.

तर ग्रुपवर मी मिलानच्या मॅचची लिंक टाकलीय. तासाभरापूर्वी ब्लू टिक आलीय, अजून कुणाचा आवाज नाही.