‘४२ दिवसांत परतला’ हा फॉरवर्ड भाजलेल्या माणसाला पाठवू नका

गेले दोन आठवडे एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. लाल टोपीतल्या, चेहऱ्यावर भाजल्याच्या खुणा असलेल्या माणसाचा फोटो आणि खाली साधारण असा मजकूर: “निकी लाउडा. १९७६. जर्मन ग्रां प्री. पाऊस होता, सगळे घाबरले, तो घाबरला नाही. गाडी पेटली. त्याचा कट्टर शत्रू जेम्स हंट याने आगीत उडी मारून त्याला वाचवलं. डॉक्टरांनी हात टेकले, पादरी आला. पण औषधांनी नाही, इच्छाशक्तीने तो बरा झाला. ४२ दिवसांत परत रेसमध्ये उतरला आणि जिंकला. त्याने कधीच माघार घेतली नाही. आणि तुम्ही? छोट्याशा दुखण्यात घरी बसता?”

लाउडा म्हणजे फॉर्म्युला वन या कार रेसिंगमधला ड्रायव्हर, तेव्हा फेरारी टीमकडून चालवायचा. एरवी मी असलं काही वाचून डिलीट करतो. पण ताईच्या दिराने हे फॅमिली ग्रुपवर टाकलं, आणि माझा भाचा, जो वर्कशॉपमध्ये थिनर पेटून हात आणि मान भाजून घेऊन तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होता, त्याने ते वाचलं. स्किन ग्राफ्टिंग झालंय त्याचं, म्हणजे अंगावरची दुसरीकडची कातडी काढून तिथे लावलीय. डॉक्टरांनी वर्षभर प्रेशर गारमेंट, म्हणजे भाजलेल्या भागावर दाब देणारा घट्ट कपडा, घालायला सांगितलंय, रात्रंदिवस, फक्त अंघोळीपुरतं काढायचं, आणि उन्हापासून, गरम कामापासून लांब राहायचं. तर हा पठ्ठ्या गारमेंट काढून फेकून वर्कशॉपला गेला. वर मला फोनवर म्हणतो, “मामा, तो माणूस ४२ दिवसांत रेसला उतरला, मला तर ५० होऊन गेले.” चार दिवसांत कोपराजवळ ग्राफ्टची कडा उकलली, फोड आले, परत ड्रेसिंग सुरू. मी लहानपणापासून फॉर्म्युला वन फॉलो करतो, लाउडा माझा सगळ्यात आवडता ड्रायव्हर, आणि त्याच्याच नावाने माझ्या घरात हे व्हावं याचा मला भयंकर राग आलाय. म्हणून हे लिहितोय.

आधी ते ‘घाबरला नाही’. उलट आहे सगळं. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या त्या जुन्या ट्रॅकवर, नॉर्डश्लायफेवर, रेस होऊ नये म्हणून ड्रायव्हर्सच्या मीटिंगमध्ये बोलणारा माणूस लाउडाच होता. जवळजवळ २३ किलोमीटरचा एक लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, डोंगरातून, झाडीतून, एवढ्या लांबीवर पुरेसे मार्शल (ट्रॅकवर सुरक्षा बघणारी माणसं), फायर इंजिन, अँब्युलन्स ठेवणं शक्यच नाही हा त्याचा मुद्दा होता. मतदान झालं आणि बहिष्काराची बाजू एका मताने पडली असं सांगतात. आणि हे बोलणारा कोण, तर आदल्याच वर्षी त्याच ट्रॅकवर ७ मिनिटांच्या आत लॅप मारणारा पहिला माणूस, ६ मिनिटं ५८.६ सेकंद. त्याला तिथे गाडी चालवता येत नव्हती म्हणून तो बोलत नव्हता, इतरांपेक्षा चांगली चालवता येत होती म्हणून त्याला धोका कळत होता. १ ऑगस्टला ट्रॅक कुठे ओला, कुठे सुकलेला. पहिल्या लॅपनंतर त्याने टायर बदलले आणि दुसऱ्या लॅपमध्ये बेर्गवेर्क नावाच्या वळणाच्या अलीकडे त्याची फेरारी बांधावर आदळली, पेटली, उलटी ट्रॅकवर आली. तो ज्याची भीती सांगत होता तेच झालं, मदत लवकर पोचलीच नाही, मागून येणाऱ्या ड्रायव्हर्सना उतरून काम करावं लागलं.

त्यात हंट नव्हता. हंट पुढे होता, त्याला हे दिसलंही नाही. आगीत शिरले ते आर्तुरो मेर्झारिओ, गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर आणि हाराल्ड एर्टल. लंगरची तर स्वतःची गाडी त्या जळत्या फेरारीवर आदळली होती. लाउडाचा पट्टा सोडवला मेर्झारिओने, आणि मेर्झारिओ हा आधी फेरारीचाच ड्रायव्हर, तिथली सीट गेली आणि पुढच्या सीझनला लाउडा त्या टीममध्ये आला, दोघांचं फारसं पटायचं नाही. ही खरी गोष्ट आहे आणि कितीतरी मोठी आहे, पण चार जणांची नावं फॉरवर्डमध्ये बसत नाहीत म्हणून एक हिरो घालून टाकला. बरं, हंट आणि लाउडा ‘कट्टर शत्रू’ पण नव्हते, फॉर्म्युला वनच्या आधीपासूनचे मित्र होते.

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे माझ्या भाच्याने गारमेंट काढलं. ‘औषधांनी नाही, इच्छाशक्तीने.’

लाउडाला मारत होती ती चेहऱ्यावरची भाजलेली जखम नव्हे, फुप्फुसं. हेल्मेट निघून गेलं होतं, त्याने पेटलेल्या पेट्रोलचा, जळणाऱ्या प्लास्टिकचा विषारी धूर आत ओढला होता. मान्हाइमच्या हॉस्पिटलमध्ये अतिदक्षता विभागात डॉक्टर त्याची फुप्फुसं साफ करत होते, रक्तातल्या ऑक्सिजनवर नजर ठेवून होते. पादरी आला हे खरंय, मरणाच्या दारातल्या माणसासाठी करतात ती शेवटची प्रार्थना झाली हेही खरंय. पण पादरी आला म्हणजे डॉक्टर निघून गेले असं कुठे असतं का? हात टेकले असते तर तो माणूस दुसऱ्या दिवशी जिवंत दिसला नसता. नंतर पापण्या नीट मिटाव्यात म्हणून ऑपरेशन झालं. मग विली डुंगल नावाचा ऑस्ट्रियन थेरपिस्ट, त्याने मसाज, व्यायाम, आहार असं करत रोज तासन्‌तास त्याच्यावर मेहनत घेतली. याला उपचार म्हणतात. युरोपातले उत्तम डॉक्टर आणि पूर्णवेळ हाताशी असलेला थेरपिस्ट, हे सगळं फोटोतून कापून टाकायचं आणि उरलेल्याला इच्छाशक्ती म्हणायचं, आणि ते पाठवायचं कोणाला, तर सरकारी दवाखान्यात ड्रेसिंगच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या पोराला.

हो, जिद्द होती. ते मी नाकारत नाही, नाकारता येणारही नाही. बेशुद्धीत ओढला जातोय असं वाटत असताना आजूबाजूच्या माणसांचे आवाज ऐकत राहून त्याने डोकं जागं ठेवलं असं तो स्वतःच सांगायचा. पण त्याने नळ्या ठेवून हे केलं, काढून फेकून नाही.

‘४२ दिवस’ हा आकडाही खरा आहे, मोजून घ्या, १ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर. पण इटलीत माँझाला झालेली ती रेस तो जिंकला नाही, चौथा आला. जिंकला रॉनी पीटरसन. त्या अवस्थेत चौथा येणं हे माझ्या मते या खेळातल्या सगळ्यात मोठ्या कामगिरींपैकी एक आहे, तिला खोटा पहिला नंबर चिकटवायची गरजच नव्हती. आणि त्या ४२ दिवसांनंतर तो ‘बरा’ झाला होता का? जखमा ओल्या होत्या. डोक्याला बँडेज, खास बदल केलेलं हेल्मेट, आणि ते काढताना बँडेज रक्ताने भिजलेलं.

आणि भीती? याबद्दल दुसऱ्या कोणाचं नको, त्याचंच ऐका. लाउडाने नंतर आत्मचरित्र लिहिलं, त्यात तो माँझाबद्दल सरळ कबूल करतो की मी भीतीवर झटक्यात मात केली असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं ते खोटं होतं, सरावाच्या दिवशी भीतीने अंग ताठरलं होतं, पोट बिघडलं होतं, उलट्या होत होत्या. ज्याच्या नावावर ‘घाबरू नका’ विकताय तो माणूस स्वतःच्या हाताने लिहून गेलाय की मी घाबरलो होतो. यानंतर त्या फॉरवर्डमध्ये काय शिल्लक राहतं मला सांगा.

‘कधीच माघार घेतली नाही’ तर अगदीच कहर. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला जपानमध्ये फुजीला सीझनची शेवटची रेस होती, धो धो पाऊस, समोरचं दिसत नव्हतं, टायटल हातात होतं. लाउडा दोन लॅप मारून पिटमध्ये, म्हणजे टीमच्या गॅरेजपाशी, आला आणि गाडीतून उतरला. फेरारीचा इंजिनियर फोर्गिएरी म्हणाला, इंजिन बिघडलं असं सांगू. लाउडाने नाही म्हटलं, खरं कारण सांगा म्हणाला. हंट तिसरा आला आणि चॅम्पियनशिप ६९ विरुद्ध ६८, एका पॉइंटने गेली. जगासमोर माघार घेतली, कारण लपवलं नाही, आणि पुढच्या वर्षी परत वर्ल्ड चॅम्पियन झाला, १९८४ ला पुन्हा एकदा.

फॉरवर्डच्या दुसऱ्या एका व्हर्जनमध्ये ‘त्याच्यामुळे तो ट्रॅक बंद झाला’ असंही आहे. अर्धं खरं. १९७७ पासून जर्मन ग्रां प्री हॉकेनहाइम या जर्मनीतल्याच दुसऱ्या ट्रॅकवर गेली, पण १९७० सालीच ड्रायव्हर्सच्या तक्रारीमुळे ती एकदा तिथे हलवली होती, नुर्बुर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकचे दिवस भरतच आले होते. असो.

रविवारी ताईकडे गेलो. भाच्याला माँझाचे फोटो दाखवले, डोक्याला बँडेज बांधलेले. मग आत्मचरित्रातला तो भाग माझ्या मोडक्यातोडक्या मराठीत करून वाचून दाखवला. बराच वेळ गप्प बसला. मग विचारलं, “म्हणजे मामा, त्यालाही गाडीत बसताना भीती वाटली होती?” थिनरचा डबा दिसला की याचे हात थरथरतात हे त्याने तेव्हा पहिल्यांदा सांगितलं, आईलाही सांगितलं नव्हतं. गारमेंट न घालता वर्कशॉपला पळायचं कारण अर्धं हेच होतं, की आत्ता गेलो नाही तर परत कधीच जाता येणार नाही.

काल ताईचा फोन आला. गारमेंट घातलंय, उकाड्याने खाज सुटते म्हणून दिवसभर कुरकुर करतोय, पण काढलेलं नाही.